मांजरेत पाणघोडे होते का? आणि पूर्वीची माणसं खरंच निरोगी होती का?

दवाखान्यात आजाराचं बोलणं संपलं, चिठ्ठी हातात पडली, की उठता उठता लोक वेगळेच प्रश्न विचारतात. "डॉक्टरसाहेब, पूर्वी लोक दात कशानं घासायचे?" "आदिमानवाला दाढदुखी व्हायची का?" "आपल्याकडं डायनोसॉर होते म्हणतात, खरं का?" सोबत शाळकरी पोरं असली तर प्रश्न आणखी भारी असतात. एक वाक्य मात्र प्रश्न म्हणून येतच नाही, थेट निकाल म्हणून येतं: "पूर्वीच्या लोकांना कुठं होते असले रोग? शंभर-शंभर वर्षं जगायची माणसं, एक सुई न टोचता."

हे वाक्य ऐकलं की मला जरा काळजी वाटते. कारण त्याच्या मागोमाग बऱ्याचदा दुसरं वाक्य येतं. मग बाळाला लस कशाला? बीपीची गोळी रोज कशाला? म्हणून आज हे सगळे प्रश्न एकत्रच घेऊ. उत्तरं मोबाइलवर फिरणाऱ्या मेसेजमधून घ्यायची नाहीत. शक्यतो आपल्याच खोऱ्यांच्या मातीतून, म्हणजे हाडांमधून आणि दातांमधून घ्यायची. माणूस गेल्यावरही हाडं आणि दात बोलतात, आणि ते कुणाची भीड ठेवत नाहीत.

आधी डायनोसॉरचं उरकून घेऊ

लातूर-नांदेडच्या काळ्या मातीखाली जो काळा कातळ लागतो, तो लाव्हारसाचा आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांमधून हा रस वाहिला आणि थरावर थर बसले. १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारीला अभ्यासासाठी जमिनीत खोल छिद्र घेतलं, तेव्हा या कातळाची जाडी सुमारे ३३८ मीटर भरली. डायनोसॉर त्याच सुमाराला संपले. त्यांची हाडं विदर्भात, चंद्रपूर जिल्ह्यातल्या पिसदुऱ्याला सापडली आहेत. पण माणूस आणि डायनोसॉर यांची गाठ कधीच पडली नाही, दोघांच्या मध्ये कोट्यवधी वर्षं आहेत. सिनेमात पडते ती सिनेमापुरती.

मग मांजरेत पाणघोडे?

होय, होते. हे सांगितलं की लोक हसतात. हसणारच. ज्या लातूरला २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्या लातूरच्या नदीत दिवसभर पाण्यात डुंबणारं जनावर होतं, हे पटायला जडच आहे.

मांजरा बीड जिल्ह्यात बालाघाटच्या डोंगरात उगम पावते, लातूर ओलांडून कर्नाटक-तेलंगणात जाते आणि शेवटी नांदेडच्या सीमेवर गोदावरीला मिळते. या नदीनं हजारो वर्षांत काठाला जो गाळ आणि गोटे साठवून ठेवले, त्यांत मोठ्या प्राण्यांची दगड बनलेली हाडं निघतात. पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी ती अनेक वर्षं गोळा केली आणि अभ्यासली. डॉ. विजय साठे यांनी १९८९ मध्ये पुणे विद्यापीठाला सादर केलेल्या पीएच.डी.च्या प्रबंधाचा विषयच मुळी लातूर, उस्मानाबाद आणि नांदेड जिल्ह्यांतले अतिप्राचीन प्राणी आणि प्रागितिहास हा होता. या खोऱ्यात पाणघोडा सापडला, प्रचंड हत्ती सापडला, रानबैल, घोड्याच्या जातीचा प्राणी, हरणं आणि मगरही.

तो हत्ती आजच्या हत्तीपेक्षा बराच मोठा. खांद्यापाशी चार मीटरहून उंच, म्हणजे आजच्या नराच्या जवळपास दीडपट. याच जातीच्या हत्तीची भलीमोठी कवटी गोदावरीच्या वरच्या अंगाला, नाशिक जिल्ह्यातल्या नांदूर मधमेश्वरला मिळाली होती, ती १९०५ च्या सुमाराची गोष्ट. शहामृगसुद्धा होता बरं का. जळगाव जिल्ह्यात पाटणे इथं शहामृगाच्या अंड्यांची कवचं मिळाली, सुमारे २५ हजार वर्षांपूर्वीची. माणसांनी त्या कवचाचे मणी केले होते.

आता तुम्ही विचाराल, एवढ्याशा तुकड्यावरून पाणघोडा ओळखतात कसा? बहुतेक वेळा दातावरून. दातावरचं पांढरं आवरण, म्हणजे एनॅमल, हा शरीरातला सर्वांत कठीण पदार्थ. मांस दिवसांत जातं, हाडं कधी टिकतात कधी कुजतात, पण दात टिकून राहतात. आणि प्रत्येक प्राण्याच्या दाढेची झीज वेगळी असते. हत्तीची दाढ कपडे घासायच्या फळीसारखी, आडव्या पट्ट्यापट्ट्यांची. पाणघोड्याची दाढ झिजली की वर तीन पाकळ्यांच्या पानासारखी नक्षी दिसते. ती एकदा पाहिली की चुकत नाही.

पाणघोडा हा पाण्याचा पुरावाही आहे. त्याची कातडी उन्हात पटकन सुकते आणि भेगाळते, म्हणून त्याला बारा महिने बऱ्यापैकी खोल पाणी आणि शेजारी गवताळ रान लागतं. म्हणजे त्या काळी मांजरेला डोह होते आणि ते उन्हाळ्यातही आटत नव्हते. भारतातला शेवटचा पाणघोडा सुमारे १६ हजार वर्षांपूर्वी संपला असावा, असा अलीकडचा अंदाज आहे. हवामान कोरडं होत गेलं, पाऊस लहरी झाला, डोह तुटले. माणसानं शिकार केली की नाही यावर संशोधकांत वाद आहेत. पण याच खोऱ्यात दगडी हत्यारंही सापडली आहेत, तेव्हा माणूस इथं होता आणि त्यानं ही जनावरं पाहिली असणार.

आदिमानवाला दाढदुखी व्हायची का?

व्हायची, पण आपल्याइतकी नाही. आणि इथून खरी गोष्ट सुरू होते.

शिकार करून, कंदमुळं खणून जगणाऱ्या माणसांचे दात खूप झिजलेले सापडतात, किडलेले कमी. शेती आली आणि जगभर दातांची कीड वाढली. कारण सोपं आहे. आपल्या तोंडात राहणारे जिवाणू पिठूळ आणि गोड पदार्थांवर जगतात, त्यांतून आम्ल तयार करतात, आणि ते आम्ल एनॅमल विरघळवतं. शिजवलेलं धान्य मऊ आणि चिकट असतं, दाताच्या फटीत बसून राहतं. धान्यानं माणसाचं पोट भरलं, त्याच धान्यानं त्याचा दात पोखरला.

पाट्यावर दळायचं म्हणजे पिठात दगडाची कच येणारच. त्या कचीनं दाढा सपाट घासल्या जात. फिरतं जातं आपल्याकडं बरंच नंतर, सातवाहनांच्या सुमारास रुळलेलं दिसतं. म्हणजे ज्या जात्याला आपण अनादि समजतो, ते सुमारे दोन हजार वर्षांचं आहे. त्याआधी हजारो वर्षं बायका गुडघ्यावर बसून पाट्यावर पुढं-मागं धान्य रगडत होत्या.

दातांचा उपचार मात्र वाटतो त्याहून जुना आहे. बलुचिस्तानातल्या मेहरगढच्या दफनभूमीत नऊ जणांच्या मिळून अकरा दाढांमध्ये गारगोटीच्या बारीक टोकानं पाडलेली छिद्रं सापडली. काळ सुमारे नऊ हजार ते साडेसात हजार वर्षांपूर्वीचा. छिद्रांच्या कडा नंतर चावून चावून गुळगुळीत झाल्या होत्या, म्हणजे हे काम जिवंत माणसावर झालं आणि तो त्यानंतरही जेवत होता. भुलीशिवाय! दाताच्या डॉक्टरकडे जायला जे घाबरतात त्यांनी हे एकदा मनात आणून पाहावं.

आणखी एक गोष्ट बायकांसाठी मुद्दाम सांगतो. जॉन ल्युकॅक्स या संशोधकानं भारतातल्या प्राचीन सांगाड्यांचे दात आयुष्यभर अभ्यासले. त्यांचा मुद्दा असा, की शेती आल्यावर दातांची कीड पुरुषांपेक्षा बायकांत जास्त वाढली. शेतीबरोबर बाळंतपणं वाढली, आणि गरोदरपणात लाळ आणि हिरड्या बदलतात, शिवाय थोडं थोडं वारंवार खाल्लं जातं. "बाळानं माझ्या दातातलं कॅल्शियम ओढून घेतलं" असं बऱ्याच आया म्हणतात. बाळ दातातून कॅल्शियम घेत नाही, एकदा तयार झालेल्या दातातून ते काढता येत नाही. पण गरोदरपणात दात बिघडतात ही आयांची तक्रार खरी आहे, आणि ती निदान काही हजार वर्षं जुनी आहे. तेव्हा गरोदरपणात दात दाखवून घ्या. त्यानं बाळाला काही होत नाही.

शंभर वर्षं जगायची का माणसं?

आता त्या मोठ्या वाक्याकडं येऊ.

महाराष्ट्रातल्या पहिल्या शेतकऱ्यांची गावं गोदावरी, प्रवरा, भीमा, घोड या नद्यांच्या काठानं होती. आपल्या मराठवाड्यात पैठणजवळ आपेगावला, म्हणजे ज्ञानेश्वरांच्या कुळाच्या गावीच, असं एक गाव उकरलं गेलं आहे. पण सर्वांत बारकाईनं अभ्यासलेलं गाव म्हणजे पुणे जिल्ह्यातलं घोड नदीकाठचं इनामगाव. डॉ. ह. धी. सांकलिया, मधुकर ढवळीकर आणि झैनुद्दीन अन्सारी यांच्या नेतृत्वाखाली डेक्कन कॉलेजनं १९६८ पासून तिथं अनेक वर्षं खोदकाम केलं. गाव इ.स.पू. सुमारे १६०० ते ७०० या काळातलं. चौकोनी मातीची घरं, धान्य साठवायचे कणगे, पाण्याचा पाट, जव, मसूर, वाटाणा, कुळीथ. गुरं, शेळ्या-मेंढ्या, कुत्री. जनावरांच्या हाडांवर कापल्याच्या खुणा आहेत, म्हणजे लोक मांस खात होते, पाळीव जनावरांचं आणि हरणांचंही.

या गावात दोनशेहून जास्त दफनं मिळाली. मोठ्या माणसाला लांब झोपवून पुरत, आणि पावलं घोट्यापासून कापलेली असत. का, ते कुणालाही नक्की सांगता येत नाही. मेलेला उठून चालू लागू नये म्हणून, हा एक तर्क.

पण बहुतेक दफनं मोठ्यांची नाहीत, मुलांची आहेत. मूल गेलं की दोन रांजण घेत, तोंडाला तोंड लावून आडवे ठेवत, आत मूल ठेवत आणि ते घरातच, जमिनीखाली पुरत. ज्या जमिनीवर चूल पेटत होती, बाकीची भावंडं रांगत होती, तिच्याखाली. नेवाशाला अशाच एका मुलाच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ मिळाली. तांब्याच्या क्षारांमुळं तिचा दोराही थोडा टिकला, आणि तपासल्यावर त्यात सूत आणि रेशीम निघालं. तीन हजारांहून जास्त वर्षांपूर्वीच्या एका घरानं आपल्या गेलेल्या लेकरासाठी रेशीम मिसळलेला दोरा वापरला. आयुष्य कठोर होतं म्हणून माया कमी होती असं नाही.

ही मुलं कशानं गेली? प्रत्येकाचं कारण हाडावर लिहिलेलं नसतं. जुलाब, न्यूमोनिया, धनुर्वात असे आजार मुलाला इतक्या झटपट नेतात की हाडावर खूण उमटायला वेळच मिळत नाही. पण दुधाच्या दातांनी साक्ष ठेवली आहे. ल्युकॅक्स आणि डेक्कन कॉलेजचे सुभाष वाळिंबे यांनी हे दात तपासले, तेव्हा अनेकांच्या सुळ्यांच्या एनॅमलवर खड्डे दिसले. दुधाचे सुळे आईच्या पोटात असतानाच घडायला लागतात आणि त्यांचा वरचा भाग पहिल्या वर्षाच्या आत पूर्ण होतो. त्या काळात आई उपाशी असली, आजारी असली किंवा बाळाला मोठा आजार झाला, की एनॅमल घडताना खोट राहते. हाड मोडलं तर सांधतं, कातडी भरून येते, एनॅमल मात्र एकदा घडलं की पुन्हा दुरुस्त होत नाही. त्यामुळं तीन हजार वर्षांपूर्वीच्या गरोदर बाईचं उपाशीपण तिच्या लेकराच्या दातावर आजही वाचता येतं.

पुढं इनामगावची परिस्थिती आणखी बिघडली. इ.स.पू. १००० च्या सुमाराला मोठ्या चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या. पाऊस कमी झाल्यामुळं हे झालं, असं ढवळीकरांनी मांडलं. सगळ्यांना ते मान्य नाही. पण दुष्काळात पहिलं पोर कुपोषित होतं, हे मराठवाड्याला कुणी वेगळं सांगायला नको.

मग शंभर वर्षांचे म्हातारे कुठून आले? इथं सरासरीचा घोळ समजून घ्या. स्वातंत्र्याच्या वेळी भारतातलं सरासरी आयुर्मान जेमतेम ३२ वर्षांच्या आसपास होतं. याचा अर्थ लोक बत्तिशीत म्हातारे होऊन मरत होते असा नाही. चार भावंडांतली दोन पाळण्यात गेली आणि दोन साठीला पोचली, तर सरासरी तिशीच येते. जी दोन पोचली तीच नातवंडांनी पाहिली, त्यांचेच फोटो भिंतीवर लागले. पाळण्यातल्या दोघांना नावही मिळालं नसेल. तुमच्या आजीला नीट विचारा, "तुम्ही किती भावंडं होता?" आणि मग विचारा, "एकूण किती झाली होती?" दोन उत्तरं वेगळी येतात. आजचं सत्तरीच्या घरातलं आयुर्मान मुख्यत: त्या पाळण्यातल्या मुलांना वाचवून आलेलं आहे, म्हाताऱ्यांची वर्षं वाढवून कमी.

म्हणजे पूर्वीचं सगळंच वाईट होतं का? नाही. ती माणसं आपल्यापेक्षा खूप जास्त चालत, साखर जवळजवळ नव्हती, तंबाखू अजिबात नव्हता. मधुमेह मात्र होता. आपल्या जुन्या वैद्यक ग्रंथांना गोड लघवीचा आजार माहीत आहे. तेव्हा "हा आजच्या काळाचा रोग" हेही अर्धंच खरं.

भाकरी, ठेचा आणि मिश्री किती जुनी?

"आपलं पूर्वापार जेवण" म्हणून ज्वारीची भाकरी आणि मिरचीचा ठेचा सांगतात. मला दोन्ही आवडतं, म्हणून वाईट वाटून घेऊ नका. ज्वारी मूळची आफ्रिकेतली, आपल्याकडं येऊन सुमारे चार हजार वर्षं झाली. बरीच जुनी, पण पाहुणी. तूर मात्र आपली, भारतातच माणसाळलेली. लातूरच्या डाळीच्या पेठेला तो अभिमान खुशाल असू द्या. मूग, उडीद आणि हुलगेही इथलेच. मिरची, शेंगदाणा, बटाटा, टोमॅटो, मका हे सगळं अमेरिका खंडातून, पोर्तुगीज आल्यावर आलं. त्याआधी तिखट म्हणजे मिरे आणि पिंपळी. तगर, म्हणजे आजचं तेर, दोन हजार वर्षांपूर्वी इतकं भरभराटीचं होतं की 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासग्रंथात पैठणपासून दहा दिवसांच्या वाटेवरचं मोठं गाव म्हणून त्याचा उल्लेख आहे. तिथलं कापड भडोचमार्गे परदेशी जात होतं. पण त्या श्रीमंत तगरच्या सावकाराला शेंगदाण्याची चटणी माहीत नव्हती.

तंबाखूचं जरा थांबून सांगतो. "मिश्री तर आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आली, ती काय वाईट?" असं बायका सांगतात. तंबाखूही अमेरिकेतलाच. अकबराचा सरदार असद बेग याला तो विजापुरात पहिल्यांदा दिसला आणि त्यानं कुतूहलानं बादशहासाठी नेला, हे सतराव्या शतकाच्या अगदी सुरुवातीचं. म्हणजे तंबाखू दख्खनमध्ये येऊन चारशे वर्षांच्या थोडी वर झाली. त्याआधीच्या हजारो वर्षांत आपल्या आज्यांनी दात घासले ते बाभळीच्या, लिंबाच्या काडीनं. सुश्रुतसंहितेत काडीनं दात कसे घासावेत याचं वर्णन आहे, त्यात तंबाखू असणं शक्यच नाही. मिश्री ही जुनी रीत नाही, नवी सवय आहे, आणि तोंडाच्या कॅन्सरशी तिचा संबंध पक्का आहे. गालाच्या आत पांढरा किंवा लाल चट्टा असेल, तोंड पूर्वीइतकं उघडत नसेल, जखम तीन आठवड्यांत भरली नसेल, तर दुखत नाही म्हणून थांबू नका.

बारवेचं पाणी शुद्ध होतं का?

अलीकडं मराठवाड्यातल्या जुन्या बारवा गावकरी श्रमदानानं स्वच्छ करतात, दिवे लावतात. फार चांगलं काम आहे, बारवा आहेतच देखण्या. पण "पूर्वी लोक बारवेचं पाणी प्यायचे आणि ठणठणीत असायचे" असं त्यावर कुणी लिहिलं, की मला नारू आठवतो.

साठीपुढच्या वाचकांना नारू सांगायला नको. तरुणांसाठी सांगतो. हा एक दोऱ्यासारखा जंत, मादी जवळपास मीटरभर लांब वाढते. पाण्यातल्या डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या किड्यांच्या पोटात त्याची पिल्लं असतात. ते पाणी प्यालं, की वर्षभरानं पायाला फोड येतो, आग होते, आणि फोडातून जंताचं टोक बाहेर डोकावतं. तो काडीला गुंडाळत रोज थोडा थोडा ओढायचा, तुटला तर पाय सुजून माणूस महिनोन्‌महिने खाटेवर. ऐन पेरणीच्या दिवसांत! आग शमवायला रुग्ण पाण्यात पाय सोडी, त्याच क्षणी मादी हजारो पिल्लं पाण्यात सोडी. बारवेला पायऱ्या असतात, लोक पाण्यात उतरून घागर भरतात. नारूला याहून सोयीचं काय हवं? इजिप्तच्या एका ममीतही हा जंत सापडला आहे, इतकी जुनी ही व्याधी.

तो गेला कसा? औषधानं नाही, लसीनंही नाही. हातपंप बसले, पाणी दुहेरी फडक्यानं गाळायला शिकवलं, पायऱ्यांच्या विहिरी बंद केल्या किंवा बदलल्या, गावोगाव रुग्ण शोधले. भारतातला शेवटचा रुग्ण जुलै १९९६ मध्ये राजस्थानात जोधपूर जिल्ह्यात सापडला, आणि फेब्रुवारी २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं भारत नारूमुक्त असल्याचं मान्य केलं. आज बारव जपा, तिथं दिवे लावा, पण त्यातलं पाणी तसंच पिऊ नका.

गाय कधी आली, आणि तिनं काय काय दिलं?

मांजरेच्या गाळात जो रानबैल मिळतो, तो आपल्या वशिंडाच्या गुरांच्या रानटी पूर्वजांच्या जातीचा. देवणीचा बैल किंवा लाल कंधारी गाय थेट त्या लातूरच्या रानबैलापासून झाली असं नव्हे. वशिंडाची गुरं माणसाळली ती सिंधूच्या बाजूला, मेहरगढच्या परिसरात, सुमारे आठ हजार वर्षांपूर्वी, आणि मग इकडं पसरली. पण आज माळेगावच्या जत्रेत देवणीची जोडी पाहताना तिचं एक दूरचं भावंड याच नदीत पाणी प्यायचं, हे आठवायला हरकत नाही.

गुरं दुधासाठीही पाळत होते का? होय. गुजरातमधल्या कोटडा भडली या सिंधू संस्कृतीच्या वस्तीतल्या मडक्यांमध्ये सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या दुधाच्या स्निग्धांशाच्या खुणा मिळाल्या आहेत. पण मोठेपणी दूध पचवायचं एक विशिष्ट पाचकद्रव्य पुष्कळ भारतीयांत कमी होतं. म्हणून काही जणांना दूध प्यालं की पोट गुबारतं, जुलाब होतात. हा रोग नाही, माणसाची मूळ ठेवणच तशी आहे, आणि मोठेपणी दूध पचणं हा नंतर आलेला बदल. आपल्या पूर्वजांनी त्यावर तोडगा काढला तो दह्याचा आणि ताकाचा. विरजणातले जिवाणू दुधातली साखर आपल्याआधी खाऊन टाकतात. ज्यांना दूध सोसत नाही त्यांनी ताक पिऊन पाहावं, बहुतेकांना सोसतं.

पण गाईनं फक्त दूध दिलं नाही. गुरांना पूर्वी बुळकांडी नावाचा रोग येई. ताप, तोंडात फोड, रक्ताचे जुलाब, आणि आठवड्याभरात गोठाच्या गोठा साफ. बुळकांडीचा विषाणू आणि माणसाच्या गोवराचा विषाणू हे सख्खे चुलतभाऊ आहेत. १९१२ मध्ये बर्लिनमध्ये गोवरानं गेलेल्या एका रुग्णाचं फुप्फुस संग्रहात जपून ठेवलेलं होतं. त्यातून विषाणूची जनुकं वाचून संशोधकांनी २०२० मध्ये हिशेब मांडला, की हे दोन विषाणू साधारण इ.स.पू. सहाव्या शतकात वेगळे झाले असावेत. गोवराला सतत नवी मुलं लागतात, कारण एकदा झालेल्याला तो पुन्हा होत नाही. लाखांच्या वस्तीशिवाय तो टिकूनच राहत नाही. तेव्हा इनामगावच्या दोन रांजणांतली ती मुलं गोवरानं गेली नसणार. तो रोग तेव्हा बहुधा जन्मालाच आला नव्हता. शहरं मोठी झाली, माणसं आणि गुरं एका छपराखाली दाटीनं राहू लागली, मग तो आला, आणि त्यानं पुढच्या शतकांत किती पाळणे रिकामे केले याची मोजदाद नाही. पूर्वजांना हा रोग नव्हता हे म्हणणं इथं अक्षरश: खरं आहे. फक्त तो टाळणारी त्यांची जीवनशैली नव्हती, त्यांच्या वाट्याला आलेला काळ तेवढा वेगळा होता.

बुळकांडी आता जगातून गेली. गुरांना टोचून टोचून ती संपवली, भारत २००६ मध्ये तिच्यातून मुक्त म्हणून मान्य झाला, आणि २०११ मध्ये सगळं जग. देवीनंतर माणसानं पूर्णपणे नाहीसा केलेला हा दुसराच रोग. तिचा चुलतभाऊ गोवर मात्र अजून आपल्या गल्लीत आहे. गोवर-रुबेलाच्या लसीचा पहिला डोस बाळाला नऊ महिने पूर्ण झाल्यावर आणि दुसरा सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान असतो. सरकारी दवाखान्यात आणि अंगणवाडीतल्या लसीकरणाच्या दिवशी तो मोफत मिळतो. दुसरा डोस राहून गेला असेल तर वय उलटलं म्हणून सोडून देऊ नका, बाळाचं कार्ड घेऊन जा आणि विचारा.